सात ऑलिंपिक, नऊ पदकं, सुवर्ण एकही नाही: मर्लिन ऑटीला थोर म्हणायचं का?

जिन्सीवाला (ग्वाल्हेर)

गणपतीत आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मंडळात प्रश्नमंजुषा असते. यंदा प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. त्यात एक टाकला: ऑलिंपिकमध्ये धावण्याची नऊ पदकं घेऊनही सुवर्ण एकदाही न मिळालेली धावपटू कोण? उत्तर कुणाला आलं नाही, त्याचं काही नाही. पण मी नाव सांगितल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "सुवर्णच नाही, मग नाव कशाला पाठ करायचं?" लोक हसले, पुढचा प्रश्न आला. मला काही ते पचलं नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

तर मर्लिन ऑटी. जमैकाची, जन्म १९६० चा. १०० आणि २०० मीटर. पहिलं ऑलिंपिक १९८० चं मॉस्को, शेवटचं २००४ चं अथेन्स, मधलं एकही चुकवलं नाही. हिशेब असा: मॉस्कोत २०० मीटरचं कांस्य. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये १०० आणि २०० दोन्हींत कांस्य. १९८८ ला सोलहून रिकाम्या हाताने परत. १९९२ ला बार्सिलोनात २०० मीटरचं कांस्य. १९९६ ला अटलांटात १०० आणि २०० दोन्हींत रौप्य, वर रिलेचं कांस्य. २००० ला सिडनीत रिलेचं रौप्य, आणि १०० मीटरचं एक कांस्य जे तिच्या पदरात पडायला नऊ वर्षं लागली. एकूण तीन रौप्य, सहा कांस्य.

स्प्रिंटरची कारकीर्द म्हणजे आठ-दहा वर्षांचा मामला. एक मांडी धरली की हंगाम गेला, दोनदा धरली की माणूस गेला. त्यात ही बाई चोवीस वर्षं ऑलिंपिकच्या दर्जावर टिकली. एका सुवर्णापेक्षा हे अवघड आहे असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

सरळसोट

नाही पटत. ऑलिंपिक चार वर्षांनी येतं, त्या दिवशी त्या दहा सेकंदांत जो पुढे तो मोठा. खेळ एवढाच आहे. हिला सात वेळा संधी मिळाली आणि सातही वेळा कुणीतरी पुढे होतं. चिकाटीचं कौतुक करा, थोर म्हणू नका. सुवर्णपदक सेवाज्येष्ठतेने मिळत नसतं.

फूलबागेतला बाक

मिळत असतं तर आमच्या हपिसात सगळेच ऑलिंपिकवीर.

पोहे-जिरावण (इंदूर)

सरळसोटभाऊ, जरा आपल्या घरचा हिशेब घ्या. ॲथलेटिक्समध्ये भारताच्या नावावर आजवरची ऑलिंपिक पदकं किती? १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्य, मग एकशे एकवीस वर्षं सामसूम, मग नीरज चोप्राचं सुवर्ण आणि त्यानंतर त्याचंच रौप्य. झाली चार. बाईंची एकटीची नऊ. आणि आपण त्यांना थोर म्हणायचं की नाही यावर धागा काढून बसलोय. भिया, हिंमत लागते याला.

स्टार्टिंग ब्लॉक (मुरार)

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा प्रतिसाद लांबणार. मी स्वतः विद्यापीठ पातळीपर्यंत १०० आणि २०० धावलेय, आता शाळेत मुलांना धावायला शिकवते.

"सातही वेळा कुणीतरी पुढे होतं" हे खरं, पण किती पुढे ते बघा. बार्सिलोना १९९२, १०० मीटरची अंतिम शर्यत. गेल डेव्हर्स १०.८२, ज्युलिएट कथबर्ट १०.८३, इरिना प्रिव्हालोव्हा १०.८४, ग्वेन टॉरेन्स १०.८६, आणि ऑटी १०.८८. पहिली आणि पाचवी यांच्यात ०.०६ सेकंद. त्या वेगाला शंभरावा भाग म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर, म्हणजे साठ सेंटिमीटरमध्ये पाच बायका. त्यातली पाचवी घरी गेली ती नुसती 'पाचवी' म्हणून.

अटलांटा त्याहून वाईट. डेव्हर्स १०.९४, ऑटी १०.९४. वेळ तीच, सुवर्ण डेव्हर्सला. त्याआधी १९९३ ची स्टुटगार्टची जागतिक स्पर्धा: दोघी १०.८२, तिथेही सुवर्ण डेव्हर्सला. अशा वेळी पंच फोटो-फिनिशची पट्टी समोर घेऊन हजारावा भाग काढतात. त्यात डोकं, हात, पाय काही धरत नाहीत. धड रेषेला कधी लागलं तेवढंच मोजतात. म्हणून शेवटच्या पावलाला छाती पुढे टाकायची असते. लवकर टाकली तर पाऊल आखडतं, उशिरा टाकली तर उपयोग नाही. मुलांकडून हे करून घेताना निम्मी मुलं रेषेच्या दोन मीटर आधीच कमरेत वाकतात आणि तिथेच वेग घालवतात.

स्टुटगार्टला हरल्यावर त्याच स्पर्धेत तिने २०० मीटरचं सुवर्ण घेतलं, १९९५ ला गोथेनबर्गला पुन्हा घेतलं. १९९१ चं रिलेचं धरलं तर जागतिक स्पर्धेची तीन सुवर्णं आहेत तिच्याकडे, एकूण पदकं चौदा. तेव्हा "जिंकता येत नव्हतं" असं कुणी म्हणू नये.

सरळसोट

जागतिक स्पर्धेत जिंकते आणि ऑलिंपिकला जिंकत नाही, म्हणजे माझाच मुद्दा झाला की ताई. मोठ्या दिवशी कच खायची.

चिकित्सक चिमणी (पुणे, माहेर ग्वाल्हेर)

दोन्ही बाजू भावनेवर चालल्यात, म्हणून थोडं पाणी ओतते.

१९८० ला मॉस्कोत अमेरिका नव्हती, बहिष्कार होता. १९८४ ला पूर्व जर्मनी आणि रशिया नव्हते, उलटा बहिष्कार. म्हणजे नऊपैकी पहिली तीन कांस्यं अर्ध्या मैदानातली आहेत. हे जिन्सीवाल्यांनी सोयीस्कर वगळलंय.

आता तिच्या बाजूने. सोलला सगळे होते. तिथे २०० मीटरमध्ये ती चौथी आली, वेळ २१.९९. ही वेळ बाकीच्या ऑलिंपिकांत नेऊन ठेवा. १९८० चं सुवर्ण गेलं २२.०३ ला. १९८४ चं रौप्य २२.०४ ला. १९९२ चं रौप्य २२.०२ ला. १९९६ चं सुवर्ण २२.१२ ला. म्हणजे तिच्या सगळ्यात अपयशी ऑलिंपिकमधली धाव इतर चार ऑलिंपिकांत दोन सुवर्णं आणि दोन रौप्यं देऊन गेली असती. ट्रॅक वेगळा, वारा वेगळा, हे मला कळतं. तुलना कट्ट्यावरची आहे, पण आकडे खरे आहेत.

आणि सोलला पुढे कोण होतं? फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर, २१.३४. तो विक्रम अजून उभा आहे.

जिन्सीवाला

चिमणीताई, वगळलं नाही, लिहायचं राहिलं असं समजा :) पण २१.९९ चा हिशेब कातिल आहे. हा मला सुचला नव्हता.

फूलबागेतला बाक

२०० म्हटलं की ग्वाल्हेरच्या माणसाला एकच आठवतं, सचिनच्या २०० धावा. २४ फेब्रुवारी २०१०, रूप सिंग स्टेडियम. कुणी होतं का इथलं त्या दिवशी आत?

पोहे-जिरावण

झालं! धावण्याच्या धाग्यात क्रिकेट. आठ प्रतिसाद तग धरला बिचाऱ्याने.

आजोबा लष्करवाले

मी होतो. तिकीट जावयाने काढलं होतं. शेवटच्या षटकांत धोनी मारत सुटला आणि स्ट्राइक सचिनला मिळेना, लोक स्वतःच्या कर्णधाराला ओरडत होते. पण ते असो.

त्या स्टेडियमला ज्यांचं नाव आहे ते रूप सिंग हॉकीचे, १९३२ आणि १९३६ ची दोन ऑलिंपिक सुवर्णं त्यांची. ग्वाल्हेर संस्थानात नोकरीला होते. आज त्या मैदानाचं नाव घेतलं की लोकांना क्रिकेट आठवतं. तेव्हा सुवर्ण मिळालं की नाव राहतं हा सरळसोट यांचा सिद्धांत आमच्या गावात तरी टिकत नाही.

आता धाग्याच्या विषयावर. १९८४ म्हटल्यावर मला ऑटी आठवत नाही, पी. टी. उषा आठवते. ४०० मीटर अडथळे. बायकांची ही शर्यत त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली होती. तिसरी आलेली रोमानियाची कोजोकारू ५५.४१, आपली उषा ५५.४२. रेडिओवर बातमी ऐकली तेव्हा आधी वाटलं पदक मिळालं, मग निवेदकाने 'चौथी' म्हटलं. आमच्या आळीत दोन दिवस तोच विषय होता. ज्यांना हर्डल म्हणजे काय हे माहीत नव्हतं तेसुद्धा छाती आधी टाकायला हवी होती म्हणून तिला शिकवत होते.

रेवा_नि (ग्वाल्हेर)

आजोबा, खूप छान लिहिलंत.

मला उषाबद्दल एक विचारायचं आहे. ती तेव्हा वीस वर्षांची होती. ऑटी चोवीस. दोघी त्याच स्पर्धेत. मग ऑटी पुढे २००४ पर्यंत धावली आणि उषाला तसं का जमलं नाही? गुणवत्तेत एवढा फरक होता का?

स्टार्टिंग ब्लॉक

रेवा, नाही. उषा कमी नव्हती. १९८५ ला जाकार्ताच्या आशियाई अजिंक्यपदात पाच सुवर्णं आणि एक कांस्य, १९८६ ला सोलच्या आशियाई खेळांत चार सुवर्णं आणि १०० मीटरचं रौप्य. एका स्पर्धेत १००, २००, ४००, अडथळे आणि रिले. मोजा एका आठवड्यात किती वेळा ब्लॉकमध्ये (शर्यत सुरू करताना पाय टेकायच्या ठोकळ्यांत) बसली असेल, प्राथमिक फेऱ्या धरून. जगातली कुठलीही मोठी स्प्रिंटर तेवढं धावत नाही. आपल्याला पदकतालिका भरायची होती, ती तिच्या पायांवर भरली. १९८८ च्या ऑलिंपिकला टाच दुखावलेली आणि पहिल्याच फेरीत बाहेर.

ऑटीकडे काय होतं ते बघा. जमैकात शाळकरी मुलांची 'चॅम्प्स' नावाची स्पर्धा १९१० पासून चालते, किंग्स्टनचं राष्ट्रीय स्टेडियम पोरांच्या शर्यतींना भरतं. तिथून ती अमेरिकेला नेब्रास्का विद्यापीठात गेली. छताखालचा बंदिस्त ट्रॅक, फिजिओ, दर आठवड्याला स्वतःपेक्षा वेगवान कुणीतरी शेजारच्या लेनमध्ये. पुढे युरोपातल्या स्पर्धा, तिथे पैसा. आमची उषा सांगते की लॉस एंजेलिसला तिकडचं जेवण जाईना म्हणून तांदळाची पेज आणि लोणचं खाऊन धावली. शेवटच्या पस्तीस मीटरांत त्याचा परिणाम झाला असं तिचंच म्हणणं आहे.

मांडवीकर (बडोदे)

स्टार्टिंग ब्लॉक ताईंना अनुमोदन. आमच्याकडे सरिताबेन गायकवाडचं उदाहरण आहे. डांगची पोर, २०१८ च्या जाकार्ता आशियाई खेळांत ४×४०० रिलेचं सुवर्ण घेणाऱ्या चौघींतली एक. डांग माहीत नसेल त्यांच्यासाठी: आहवा, सापुतारा, नाशिकला लागून. तिथून यायचं म्हणजे पहिली शर्यत घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतच असते.

बडोद्यात आता सिंथेटिक ट्रॅक आहे, मुलं येतात. पण आईबाप अर्धा तास बघतात आणि विचारतात, "यातून नोकरी लागते का?" रेल्वे, पोलीस, सैन्य ही तीन नावं घेतली की चेहरे खुलतात. ऑलिंपिक नंतर. तेव्हा 'स्प्रिंटरची कारकीर्द' म्हणजे आपल्याकडे क्रीडा कोट्यातून भरती होईपर्यंतचा काळ, खरं बोलायचं तर.

फूलबागेतला बाक

आणि भरती झाल्यावर धावणं फक्त हजेरीच्या थंबसाठी, सकाळी दहा वाजता.

चिकित्सक चिमणी

मूळ विषयात दोन काळ्या बाजू राहिल्यात, त्याही बोलूया. नुसती आरती नको.

एक, १९९९ मध्ये ऑटीच्या चाचणीत नॅन्ड्रोलोन हे उत्तेजक सापडलं. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. पुढे २००० मध्ये ती निर्दोष ठरली आणि सिडनीला गेली. निर्दोष म्हणजे निर्दोष, माझा त्यावर वाद नाही, पण कारकीर्द लिहायची तर हे पान फाडता येत नाही.

दोन, सिडनी. जमैकाच्या निवड चाचणीत ती १०० मीटरमध्ये चौथी आली होती. जायच्या तिघी. संघटनेने चाचणी जिंकलेल्या पेटा-गे डाउडीला बाजूला करून ऑटीला घेतलं. ऑलिंपिक ग्रामात जमैकाच्याच खेळाडूंनी त्याविरुद्ध निदर्शनं केली. चाळीस वर्षांच्या बाईने वयाने कितीतरी लहान मुलीची जागा घेतली, असा तो राग. टिकून राहण्याचं कौतुक करताना त्या टिकण्याने कुणाची लेन गेली हेही बघायला हवं.

जिन्सीवाला

हा मुद्दा मान्य करायला जड जातो, पण खरा आहे. फक्त पुढचं सांगतो. त्या शर्यतीत ऑटी चौथी आली, ११.१९. तिसरी जमैकाचीच टायना लॉरेन्स, ११.१८. पहिली मॅरियन जोन्स. जोन्सने २००७ मध्ये उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली, पदकं गेली. २००९ अखेर ऑलिंपिक समितीने फेरवाटप केलं, पण दुसरी आलेल्या ग्रीसच्या थानूला सुवर्ण दिलं नाही, कारण २००४ ला अथेन्समध्ये तिनेच चाचणी चुकवल्याचा घोळ घातला होता. सुवर्ण कुणालाच नाही, लॉरेन्सलाही रौप्य, आणि ऑटीला कांस्य. म्हणजे चाळिसाव्या वर्षी धावलेल्या शर्यतीचं पदक एकोणपन्नासाव्या वर्षी. निवड समितीचं चुकलं असेल, पण धावणारीने जागा फुकट घालवली नाही.

सरळसोट

डाउडी धावली असती तर काय झालं असतं हे कुणालाच कळणार नाही. निवड चाचणीचा निकाल बाजूला ठेवायचा आणि मग आलेल्या निकालावरून तो निर्णय बरोबर ठरवायचा, ही पद्धत आपल्याकडेही फार आवडते. माझ्या भाच्याला राज्याच्या संघातून असंच वगळलं होतं. ज्याला घेतलं तो तिथे पदक घेऊन आला, मग भाच्याने तक्रार कुणाकडे करायची?

फूलबागेतला बाक

सरळसोट, हा तुमचा आजवरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद. गजक पाठवतो थंडीत.

मांडवीकर

आणि देश बदलला ते? २००२ ला स्लोव्हेनियाचं नागरिकत्व. अथेन्सला त्यांच्यासाठी धावली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. मला त्यात गैर वाटत नाही, तिकडेच राहत होती, तिकडचाच प्रशिक्षक होता. आम्ही तीन पिढ्या गुजरातेत राहून मराठीत भांडतोच आहोत की.

आजोबा लष्करवाले

मिल्खा सिंगांबद्दल कुणीच बोललं नाही. १९६०, रोम, ४०० मीटर, चौथे, ४५.७३. ही वेळ भारतात १९९८ पर्यंत कुणी मोडली नाही, मग परमजित सिंगने मोडली. आमच्या लहानपणी प्रत्येक शाळेत सांगायचे की त्यांनी मागे वळून पाहिलं म्हणून पदक गेलं. मिल्खा स्वतः सांगत की अडीचशे मीटरला आपण फार वेगात आहोत असं वाटून जरा सोडलं, आणि तिथे गेलेलं परत आलं नाही.

पोहे-जिरावण

आजोबा, म्हणजे उषा चौथी, मिल्खा चौथे, ऑटी सोलला चौथी, सिडनीला चौथी. धाग्याचं नावच 'चौथा' ठेवा.

आजोबा लष्करवाले

पोरा, माझ्या वयाच्या माणसासमोर चौथा-दहावा असले शब्द काढू नयेत.

रेवा_नि

:D :D

आता माझं खरं कारण सांगते. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, २०० मीटर धावते. गेल्या वर्षी विभागात दुसरी आली होती, यंदा चौथी. वेळही गेल्या वर्षीपेक्षा जास्त. आल्यापासून म्हणतेय सोडते. घरच्यांचं म्हणणं, बारावी जवळ आलीय, सोडू दे. मैदानावरचे सर म्हणतात ४०० ला टाका. मला काहीच कळत नाहीये. स्टार्टिंग ब्लॉक ताई, तुम्ही सांगाल का?

स्टार्टिंग ब्लॉक

रेवा, मुलीला न बघता सांगतेय, तेव्हा तेवढ्याच बेताने घे.

आधी वेळेचं. दोन्ही वर्षी घड्याळ कसलं होतं? हातातल्या स्टॉपवॉचची वेळ इलेक्ट्रॉनिकपेक्षा कमीच दिसते, कारण पिस्तुलाचा आवाज ऐकून बोट दाबेपर्यंत पळणारी निघालेली असते. १०० आणि २०० ला सरसकट ०.२४ सेकंद धरतात. गेल्या वर्षी हाताने मोजलं आणि यंदा कॅमेऱ्याने, तर पोर हळू झाली नसून घड्याळ खरं झालं असेल. लेनही विचार. आतल्या लेनचं वळण आखूड, उंच मुलीला त्यात पाय टाकता येत नाहीत.

दुसरं, वय. चौदा-पंधराला भराभर वेळ कमी होते, मग शरीर बदलतं, कंबर भरते आणि वर्ष-दोन वर्षं आकडा हलत नाही. बहुतेक मुली इथेच सुटतात. आईबाप म्हणतात मेहनत कमी पडतेय, सर म्हणतात वजन कमी कर, आणि पोरगी जेवण सोडते. हे मात्र होऊ देऊ नकोस. पाळी नियमित आहे ना एवढं बघत जा, ती बिघडली तर आधी डॉक्टर, मग ट्रॅक.

४०० चं म्हणशील तर वाईट सल्ला नाही, पण ती २०० च्या शेवटच्या पन्नास मीटरमध्ये इतरांना गाठते की इतर तिला गाठतात, ते आधी बघ. गाठणारी असेल तर ४०० करून बघा.

सराव कुठे करते?

रेवा_नि

एलएनआयपीईच्या (इथल्या शारीरिक शिक्षण संस्थेच्या) बाजूला राहतो आम्ही, पण ती मैत्रिणींबरोबर मैदानावरच जाते. रविवारी सर किल्ल्यावर नेतात, उरवाई गेटच्या चढावर पळवतात.

स्टार्टिंग ब्लॉक

उरवाईचा चढ! आम्हीही तिथेच मेलोय. पहाटे, गाड्या वर जायच्या आत. पहिल्या दोन फेऱ्यांत त्या कातळातल्या भल्यामोठ्या जैन मूर्ती दिसतात, नंतर फक्त स्वतःचे बूट. चढावर गुडघा आपोआप वर येतो आणि टाच आपटत नाही, म्हणून स्प्रिंटरला चांगला. पण उतरताना पळत यायचं नाही, चालत यायचं. आमच्यातल्या दोघींच्या मांड्या उतरतानाच गेल्या, चढताना नाही. सरांना सांग, ते चिडले तर माझं नाव सांग.

चिकित्सक चिमणी

रेवा, आकड्यातलं एक माझ्याकडून. श्रीलंकेची सुसंतिका जयसिंघे. १९९७ ला अथेन्सच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटरचं रौप्य तिला, आणि तिच्या मागे तिसरी कोण? सदतीस वर्षांची ऑटी. त्याच स्पर्धेत १०० च्या अंतिम फेरीत चुकीचा स्टार्ट झाला, परत बोलावल्याचा आवाज ऑटीला ऐकूच आला नाही आणि ती जवळजवळ निम्मी शर्यत एकटीच पळाली. मग परत येऊन पुन्हा ब्लॉकमध्ये. हरलीच. आणि काही दिवसांनी २०० चं कांस्य. मुलीला सुवर्णाच्या गोष्टी सांगण्यापेक्षा ही सांग.

सरळसोट

मुलीच्या बाबतीत मीही म्हणेन सोडू नका. सोळा वर्षांच्या पोरीला चौथी आली म्हणून सोडायला सांगणं मूर्खपणा आहे. पण तो वेगळा प्रश्न. धाग्याचा प्रश्न थोर कोण हा आहे आणि त्यावर माझं मत सुवर्णाच्याच बाजूने आहे.

जिन्सीवाला

सरळसोट, मग एक शेवटचं. बंदिस्त ट्रॅकवरचा २०० मीटरचा बायकांचा जागतिक विक्रम कुणाचा? ऑटीचा. २१.८७, फ्रान्समधलं लिएव्हाँ, १९९३. अजून कुणी मोडलेला नाही.

स्टार्टिंग ब्लॉक

याला एक पुस्ती. बंदिस्त ट्रॅकचा फेरा २०० मीटरचाच, वळणं आवळलेली आणि बाहेरच्या बाजूला उचललेली. आतल्या लेनवालीला एवढा तोटा व्हायचा की जागतिक बंदिस्त स्पर्धेतून २०० मीटर २००४ नंतर काढूनच टाकली. तेव्हा विक्रम मोडायला आता तशा शर्यतीही कमी. पण अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मुली दर हिवाळ्यात धावतात आणि अजून मागेच आहेत.

सरळसोट

ऑलिंपिक बंदिस्त ट्रॅकवर होत नाही. मत कायम.

फूलबागेतला बाक

२०१२ ला हेलसिंकीच्या युरोपीय स्पर्धेत ती स्लोव्हेनियाच्या रिलेत धावली, वय बावन्न. मी बावन्नाचा आहे आणि काल बाड्यावर (आमच्या बाजारचौकात) ई-रिक्षाच्या मागे धावून मला चालकाने थांबून पाणी दिलं. माझं मत ऑटीला.

रेवा_नि

सगळ्यांचे आभार. घड्याळाचं विचारलं. गेल्या वर्षी हाताने घेतली होती, यंदा मशीन होतं. तिला सांगितलं तर म्हणाली "तरी चौथीच ना." पण संध्याकाळी स्पाइकची पिशवी काढून बसली होती. त्यावरूनच एक विचारते, तिच्या खिळ्यांची टोकं झिजलीत. दुकानदार बारा मिलिमीटरचे देतोय, म्हणतो जास्त पकड. घेऊ का?

स्टार्टिंग ब्लॉक

नको. सिंथेटिक ट्रॅकवर नऊच्या वर चालत नाहीत, स्पर्धेच्या वेळी अडवतील. सहा किंवा सातचे घे. मातीच्या मैदानासाठी लांब लागतात, ते वेगळे ठेव. आणि बदलताना खिळ्याच्या आट्यांना थोडं तेल लाव, घामाने ते गंजलेले असतात, जोर केला की खिळा आतच तुटतो.